लॅपटॉपला कुलूप आहे, पण किल्ली कुणाकडे?

 

आजचा भाग ऐकताना बहुतेक जण फोनवर असणार. बसमध्ये, लोकलमध्ये, नाहीतर जिममध्ये. पण आजचा विषय फोनचा नाही. घरी टेबलावर जो लॅपटॉप पडलाय ना, तुमचा किंवा बाबांचा किंवा दादाचा, त्याचा आहे. आणि सुरुवातीलाच सांगते, या भागाच्या शेवटी मी तुम्हाला एक गृहपाठ देणार आहे. दहा मिनिटांचा. तो केलात तर हा भाग सार्थकी लागला असं मी समजेन.

तर झालं असं. मार्च महिना, सतरा तारीख, रात्रीचे साडेनऊ. मला मामांचा फोन. माझे मामा कराडला असतात, जीएसटी रिटर्न आणि इन्कम टॅक्सची कामं करतात. छोटे दुकानदार, एक-दोन मंगल कार्यालयं, खतांचे डीलर असे साठ-सत्तर क्लायंट. आणि वीस तारखेला थ्री-बी रिटर्न भरायची शेवटची तारीख. ज्यांच्या घरात कुणी हे काम करतं त्यांना माहितीये, सतरा ते वीस या काळात त्या माणसाशी बोलायचं नसतं.

मामा म्हणाले, "अगं, लॅपटॉप दुरुस्त होऊन आला, पण चालू केला की निळा स्क्रीन येतोय. काहीतरी अठ्ठेचाळीस आकडे मागतोय. कुठून देऊ मी अठ्ठेचाळीस आकडे?"

मी म्हटलं, "मामा, फोटो पाठवा." फोटो आला आणि माझ्या पोटात गोळा आला. बिटलॉकर रिकव्हरी. 'या ड्राइव्हची रिकव्हरी की टाका.'

मी विचारलं, "मामा, बॅकअप आहे का?" ते एकदम खुशीत म्हणाले, "आहे ना! डी ड्राइव्हमध्ये रोज घेतो."

आता हसू नका. तुमच्यापैकी निम्म्यांचा बॅकअप डी ड्राइव्हमध्येच आहे, मला माहितीये. डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा कप्पा. कपाटाला कुलूप लागलं की वरचा कप्पाही बंद आणि खालचाही बंद.

मामांचं काय झालं ते सांगतेच, पण आधी हे कुलूप आलं कुठून ते समजून घेऊ. कारण मामांनी ते लावलंच नव्हतं.

सगळ्यात आधी एक गैरसमज. आपल्याला वाटतं, लॅपटॉपला पासवर्ड आहे म्हणजे आतला डेटा सुरक्षित आहे. तसं नाहीये. विंडोजचा पासवर्ड हा घराच्या दारावर बसलेला रखवालदार आहे. तो 'कोण तुम्ही?' विचारतो. पण चोराने दारातून यायचंच नाही असं ठरवलं तर? लॅपटॉपचे मागचे स्क्रू काढायचे, आतली एसएसडी बाहेर काढायची, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची. झालं. तुमचे फोटो, आधार कार्डाची पीडीएफ, ब्राउझरच्या फाइल्स, सगळं वाचता येतं. त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुमचा रखवालदार नसतोच. कराड असो वा पुणे, कुठल्याही रिपेअरिंगवाल्याला हे दहा मिनिटांत जमतं, आणि डेटा रिकव्हर करायला आपण स्वतःच त्याच्याकडून हे करून घेतो.

यावर उपाय एकच. डिस्कवर लिहिलेलंच मुळात कुणाला वाचता येऊ नये. म्हणजे एन्क्रिप्शन. डिस्कवर जे काही लिहिलं जातं ते आधी एका किल्लीने गुंतवायचं आणि मग लिहायचं. किल्ली असेल तर वाचता येतं, नसेल तर नुसता कचरा दिसतो. विंडोजमधल्या या सोयीचं नाव बिटलॉकर. ती २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून आहे, पण महागड्या एडिशनमध्ये. ऑफिसच्या लॅपटॉपवर असायची, घरच्यावर नाही. घरच्यांसाठी तिचंच साधं रूप आलं, डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाचं. तेही ठरावीक हार्डवेअर असलेल्या मशीनवरच मिळायचं.

आणि फोनवर? फोनवर हे तुम्ही रोज वापरताय. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून तर बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या फोनला एन्क्रिप्शन बंधनकारक आहे. आयफोनला त्याच्या कितीतरी आधीपासून. तुम्हाला कधी कळलंही नाही, कारण तुमच्या पिनला धरूनच ते सगळं उघडतं आणि फोटो तर तसेही क्लाउडवर जात असतात.

आता लॅपटॉपवर काय बदललं? १ ऑक्टोबर २०२४ ला विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली. त्यात मायक्रोसॉफ्टने डिव्हाइस एन्क्रिप्शनसाठी लागणाऱ्या हार्डवेअरच्या दोन अटी काढून टाकल्या. परिणाम काय, तर होम एडिशनवाले साधेसुधे लॅपटॉपसुद्धा यात बसायला लागले. नवीन लॅपटॉप घेतला किंवा विंडोज कोरं टाकलं, पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट. जुन्या आवृत्तीवरून नुसतं अपडेट घेतलं असेल तर ते आपणहून चालू होत नाही. पण नव्या मशीनवर होतं. आणि त्यात मोठ्या अक्षरांत 'अहो, आम्ही कुलूप लावलंय, ही तुमची किल्ली, जपून ठेवा' असं कुणी सांगत नाही.

आणि इथे योग बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती मामांच्या जुन्या मशीनमध्ये नव्हती. मग मामांनी काय केलं? दिवाळीनंतर नवा लॅपटॉप घेतला. त्यांच्यासारखं कितीतरी जणांनी केलं असणार. म्हणजे जे लोक इतकी वर्षं बिनकुलपाच्या कपाटात सगळं ठेवत होते, ते गुपचूप कुलूपवाल्या कपाटात आले. आणि किल्ली कुठे आहे ते त्यांना माहीतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मामांचा लॅपटॉप चार महिने नीट चालला ना? तेव्हा का नाही मागितले आकडे? बरोबर प्रश्न आहे. याचं उत्तर त्या टीपीएम चिपमध्ये आहे.

टीपीएमला आपण घरातला जुना, विश्वासू मुनीम समजू. किल्ली त्याच्याकडे असते. लॅपटॉप चालू झाला की मुनीम बघतो, बायोस तेच आहे ना, विंडोज सुरू करणारा प्रोग्रॅम तोच आहे ना, सिक्युअर बूट चालू आहे ना, कुणी मधेच काही बदललं नाही ना. सगळं कालच्यासारखं असेल तर तो मुकाट्याने किल्ली काढून देतो. तुम्हाला कळतही नाही. पण काही वेगळं दिसलं की तो किल्ली देत नाही. म्हणतो, 'मला संशय येतोय. मालकाला बोलवा, त्याच्याकडची दुसरी किल्ली आणा.' ती दुसरी किल्ली म्हणजे हे अठ्ठेचाळीस आकडे.

आता मामांच्या लॅपटॉपचं काय झालं होतं? चार्जिंग होईना म्हणून सर्व्हिस सेंटरला दिला. वॉरंटीत होता, त्यांनी मदरबोर्ड बदलून दिला, एक रुपया घेतला नाही. मामा खूश. पण मदरबोर्ड बदलला म्हणजे मुनीमच बदलला! नव्या मुनिमाकडे जुन्या कपाटाची किल्ली कुठून असणार? डिस्क तीच, डेटा जागच्या जागी, पण उघडायला कुणी नाही. आणि सर्व्हिसच्या पावतीवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतंच, डेटाची जबाबदारी ग्राहकाची.

तर आता शोध सुरू झाला त्या अठ्ठेचाळीस आकड्यांचा.

घरच्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन चालू होतं तेव्हा ही रिकव्हरी की आपोआप एका ठिकाणी जाऊन बसते. ज्याने पहिल्यांदा लॉगिन केलं त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये. म्हणून मी विचारलं, "मामा, तुमचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट कुठलं?"

"माझं? मी कधी काढलं?"

"मग लॅपटॉप चालू करताना काय टाकता?"

"एक दोन तीन चार. दुकानातल्या पोराने सांगितलंय."

मग मी त्या फोटोकडे नीट पाहिलं. २४एच२ पासून या निळ्या स्क्रीनवर एक छान सोय दिली आहे. की कुठल्या अकाउंटमध्ये आहे त्याची खूण दाखवतात. ईमेलची सुरुवातीची अक्षरं आणि पुढे फुल्या. ती अक्षरं मामांच्या नावाची नव्हती. ती होती ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला त्या दुकानाच्या नावाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दुकानात गेले आणि मला फोनवर धरलं. दुकानात नवा मुलगा होता. अगदी साधा, मदत करणारा. तो म्हणाला, "ताई, आम्ही सगळ्यांना असंच करून देतो. विंडोज ईमेल मागतं. गिऱ्हाइकाला ईमेल आठवत नाही, आठवला तर पासवर्ड आठवत नाही, ओटीपी घरी राहिलेल्या फोनवर जातो. मागे चार लोक उभे असतात. मग आम्ही दुकानाचाच टाकतो."

मला त्याचा राग आला नाही, खरंच. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं.

लॉगिन केलं, तर पुढचा अडथळा. की दाखवण्याआधी मायक्रोसॉफ्ट पुन्हा एकदा खात्री करून घेतं. कोड पाठवला, एका मोबाइल नंबरवर. तो नंबर होता आधी काम करणाऱ्या मुलाचा. त्याने दुकान सोडून सहा महिने झाले होते. मालकांनी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, नाही. दिवसभर नाही. अठरा तारीख संपत आली. मामा बोलत नव्हते. मामी मला मेसेज करत होती, 'जेवले नाहीत.' मला एवढंच दिसत होतं की तो नंबर बंद झाला असता किंवा त्या मुलाने सिम बदललं असतं, तर साठ-सत्तर लोकांचे हिशेब संपले होते. मी इंजिनिअर आहे म्हणून काही करू शकले नसते. या आकड्यांना बायपास नाही.

का नाही, ते थोडं गणितात सांगते. मला हा भाग फार आवडतो. हे अठ्ठेचाळीस आकडे म्हणजे सहा-सहाचे आठ गट. आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ १३५७९५, हे ११ गुणिले १२३४५. आता तुम्ही टाइप करताना दोन आकडे उलटे केले, १३७५९५ लिहिलं, तर भाग जात नाही, बाकी ७ उरते. म्हणजे कॉम्प्युटरला किल्ली न लावताच कळतं की या गटात चूक आहे, आणि तो तिथेच सांगतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे झाले, तर ती चूक हमखास पकडली जाते. रात्रीच्या वेळी, घाबरलेल्या माणसाला, फोनवर ऐकून आकडे टाकायचे आहेत हे कुणीतरी विचारात घेतलंय. आणि प्रत्येक गटातून ११ काढून टाकला की उरतात सोळा बिट. आठ गट, एकशे अठ्ठावीस बिट. म्हणजे किती शक्यता? ३४ लिहा आणि त्यापुढे ३७ शून्यं द्या. अंदाजाने कुणी टाकून बघू शकत नाही. चोरही नाही, मीही नाही आणि मामाही नाहीत.

अठरा तारखेला रात्री सव्वाआठला त्या मुलाचा फोन आला. दुसऱ्या नोकरीत शिफ्टवर होता, फोन लॉकरमध्ये होता. त्याने कोड सांगितला. दुकानाचं अकाउंट उघडलं.

आणि समोर काय दिसलं माहितीये? एक लांबलचक यादी. एकच की नव्हती. ओळीने लॅपटॉपची नावं, की आयडी, तारखा आणि पुढे अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस आकडे. त्या दुकानातून गेलेल्या कितीतरी लॅपटॉपच्या किल्ल्या. कुणा डॉक्टरचा असेल, कुणा कॉलेजच्या मुलीचा, कुणा वकिलाचा. त्यातल्या कुणालाच माहीत नाही की आपल्या लॅपटॉपला कुलूप आहे. आणि हे तर त्याहून माहीत नाही की किल्ली बाजारपेठेतल्या एका दुकानाच्या ईमेलमध्ये आहे, ज्याचा ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाच्या फोनवर जातो.

मामांची की कशी ओळखायची? निळ्या स्क्रीनवर की आयडी दिलेला असतो. त्याची पहिली आठ अक्षरं यादीतल्या आयडीशी जुळवायची. जुळली. त्या मुलाने आकडे वाचले, मामांनी एकेक गट टाकला. तिसऱ्या गटात चुकले, स्क्रीनने सांगितलं, दुरुस्त केलं. आणि लॅपटॉप उघडला. मामांनी आधी मामीला फोन केला. मला नंतर.

वीस तारखेच्या आत सगळी रिटर्न गेली. पण मी शनिवारी कराडला गेले, कारण काम अजून संपलं नव्हतं. लॅपटॉपचा मालक अजूनही दुकानाचं अकाउंटच होतं. आणि कोपऱ्यात वनड्राइव्हचं निळं ढगाचं चिन्ह. डेस्कटॉपवरच्या फाइल्स, म्हणजे क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट, हे सगळं दुकानाच्या वनड्राइव्हवर चढवायची सोय चालू होती! वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबी मिळते. ती दुकानाची आधीच भरलेली होती म्हणून पुढचं काही चढलं नव्हतं. जागा भरली होती एवढ्यावर आम्ही वाचलो. याला सुरक्षा म्हणत नाहीत.

मग काय केलं? मामांच्या नावाचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट काढलं, त्यांच्याच नंबरवर ओटीपी. त्याला लॅपटॉपवर अॅडमिन केलं. वनड्राइव्हचा दुकानाशी असलेला संबंध तोडला. दुकानाचं अकाउंट काढून टाकलं. डिव्हाइस एन्क्रिप्शन एकदा बंद केलं, पूर्ण उलगडू दिलं, दोन-तीन तास गेले त्यात, आणि मामांच्या अकाउंटने पुन्हा चालू केलं. तसं केलं की नवी रिकव्हरी की तयार होते. दुकानाकडे असलेली जुनी की आता निरुपयोगी. नवी की मामांनी हाताने एका वहीत लिहिली. मामीच्या कपाटात, एलआयसीच्या पॉलिसींसोबत ती वही आहे. आणि ५०० रुपयांची पुडी फोडून पेढे वाटले ते वेगळंच.

आता मला माहितीये कमेंटमध्ये काय येणार. 'एवढा त्रास असेल तर हे एन्क्रिप्शन बंदच करून टाकू ना!' सेटिंग्जमध्ये एक बटण आहे, एका मिनिटात बंद होतं. आणि काही जण तर म्हणतील, अपडेटच बंद करतो.

थांबा. अपडेटचं आधी सांगते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलांची कामं थांबली. हल्ला सुरू झाला १२ मेला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी घेतलं नाही ते अडकले. त्यामुळे अपडेट बंद हा विषयच नाही.

आणि एन्क्रिप्शन? मला विचाराल तर अजिबात बंद करू नका. कारण रोज काय होतं? एसटीच्या वरच्या फळीवर बॅग राहते. हॉस्टेलच्या खोलीतून लॅपटॉप जातो. लॅपटॉप गेला तर चाळीस हजार गेले, वाईट वाटतं, पण ईएमआय भरत राहतो आपण. आत तुमचे खासगी फोटो असतील, कंपनीचा कोड असेल, मामांसारखं दुसऱ्यांचं पॅन-आधार असेल, तर ते परत मिळत नाही. एन्क्रिप्शन चालू असलेला लॅपटॉप चोरीला गेला तर चोराच्या हाती फक्त हार्डवेअर लागतं. त्यात हे कुलूप फुकट आहे, स्वतःहून काम करतं.

विंडोजमधली बाकीची सुरक्षा बघा. डिफेंडर आहे, तो मागे बसून फाइल तपासतो. सिक्युअर बूट आहे. स्मार्टस्क्रीन आहे, अनोळखी प्रोग्रॅम उघडताना अडवतो. यातलं काही बिघडलं तरी तुमच्या फाइल्स तुमच्यापासून कायमच्या तुटत नाहीत. एन्क्रिप्शन एवढंच असं आहे, ज्यात सगळं बरोबर चाललेलं असतानाही किल्ली नसेल तर मालकच बाहेर राहतो. म्हणून त्याच्याशी ओळख करून घ्यायला हवी.

आणि हे फक्त कराडच्या मामांचंच होतं असं समजू नका. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरचे विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता ८५ लाख. आपल्याकडेही विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, फोटो फिरले होते. उपाय तसा सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची. पण ज्या मशीन एन्क्रिप्ट होत्या त्या आधी रिकव्हरी की मागत होत्या. आयटीवाले एकेका मशीनसमोर बसून अठ्ठेचाळीस आकडे टाकत होते. त्याच महिन्यात विंडोजच्याही एका अपडेटनंतर काही कॉम्प्युटर विनाकारण रिकव्हरी स्क्रीनवर गेले, मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून पुढच्या महिन्यात दुरुस्त केलं. म्हणजे मदरबोर्डच बदलायला पाहिजे असं नाही.

माझी तक्रार कुलुपाबद्दल नाहीये. ते ज्या पद्धतीने लावलं जातं त्याबद्दल आहे. नवीन घराची किल्ली देताना बिल्डर सही घेतो की नाही? इथे पहिल्या दिवशी एक ठळक स्क्रीन दाखवता आला असता, 'ही की लिहून घ्या, तुमच्या भाषेत वाचा, लिहिली का?' तेवढं विचारूनच पुढे जाऊ द्यायचं. मॅकवर फाइलव्हॉल्ट चालू करताना की आयक्लाउडवर ठेवू की तुम्ही स्वतः ठेवाल, असं विचारायचे तरी. आणखी एक, की कंपनीच्या सर्व्हरवर आहे म्हणजे कोर्टाने मागितली तर कंपनीला ती द्यावी लागू शकते. कुणाला हे चालेल, कुणाला नाही. ज्यांना नको त्यांनी की कागदावर लिहून अकाउंटमधून डिलीट करावी. पण निवड तुमची हवी, आणि निवड करायला आधी माहीत तर हवं.

तर आता गृहपाठ. दहा मिनिटं.

पहिलं. लॅपटॉपवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, आणि त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन. चालू आहे का बघा. प्रो एडिशन असेल तर बिटलॉकर नावाने दिसेल. तिथे 'पूर्ण करण्यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करा' असं काही दिसलं, तर समजा की कुलूप लावलंय पण किल्ली कुलपातच अडकवून ठेवली आहे. म्हणजे काहीच संरक्षण नाही.

दुसरं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्सवर जा. वर कुणाचा ईमेल आहे? तुमचाच आहे ना? दुकानाचा, जुन्या नोकरीचा, भावाच्या मित्राचा असेल, तर मी मामांसाठी जे केलं ते क्रमाने करा. पण ते करण्याआधी बॅकअप घ्या.

तिसरं. फोनच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा, डिव्हायसेसमध्ये जा, तिथे बिटलॉकर रिकव्हरी कीज दिसतील. तुमच्या लॅपटॉपचं नाव आहे का बघा. ते अठ्ठेचाळीस आकडे कागदावर लिहा. आठ गट, सोबत की आयडीची पहिली आठ अक्षरं. कागद घरात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. आणि लॅपटॉपमधल्याच नोटपॅडमध्ये सेव्ह करू नका, प्लीज. किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद करण्यासारखं आहे ते.

चौथं. बॅकअप वेगळ्या वस्तूवर. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, क्लाउड घ्या, पण डी ड्राइव्ह नाही. एन्क्रिप्शन चोरापासून वाचवतं, डिस्क जळाली तर ते काही करू शकत नाही.

पाचवं. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी किंवा बायोस अपडेट करण्याआधी की हातात आहे ना, एकदा खात्री करा. आणि सेकंडहँड लॅपटॉप घेत असाल तर तो पूर्ण रीसेट करून स्वतःच्या अकाउंटने नव्याने चालू करा. नाहीतर किल्ली जुन्या मालकाकडे.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटी टीमकडे असते, तिथे स्वतः काही उद्योग करू नका.

आणि हे फक्त स्वतःपुरतं करू नका. तुम्ही तर हे ऐकताय, तुम्हाला जमेल. तुमच्या आई-बाबांना, मामा-काकांना, शेजारच्या क्लासवाल्या सरांना जमणार नाही. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्याच अक्षरात ते आकडे वहीत लिहून घ्या.

हो, एक राहिलं. त्या दुकानात मी पुन्हा गेले होते. त्या मुलाला बसून दाखवलं, गिऱ्हाइकाचं स्वतःचं अकाउंट कसं काढायचं आणि की कशी छापायची. त्याने काउंटरवर एक कागद चिकटवलाय आता: 'नवीन लॅपटॉप नेताना स्वतःचा मोबाइल सोबत आणावा, ओटीपी येईल.' यादीतल्या जुन्या गिऱ्हाइकांना तो एकेक करून फोन करतोय. परवा म्हणाला, "ताई, सात झाले. बाकीचे म्हणतात फ्रॉड कॉल आहे आणि फोन ठेवतात."

तर आजच्यापुरतं इथेच थांबू. गृहपाठ करताना कुठे अडलात तर खाली कमेंटमध्ये लिहा, मी उत्तर देते. फक्त एक करा, रिकव्हरी की कमेंटमध्ये टाकू नका!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.